जुन्या बीएमएक्सच्या मोठ्या भोकात नव्या मापाचा क्रँक

प्रश्न : माझे थोरले बंधू १९८६ साली न्यू जर्सीहून परतताना मुलांसाठी एक बीएमएक्स, म्हणजे मातीत पळवायची लहान चाकांची, सायकल घेऊन आले होते. मुले मोठी झाली आणि सायकल दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पोटमाळ्यावर गेली. आता नातवाला ती चालवायची आहे. फ्रेम आणि चाके चांगली आहेत, परंतु एकाच सळईतून वाकवलेला तिचा क्रँक, म्हणजे पायडल ज्यावर बसतात तो भाग, एका बाजूला वाकला आहे. त्यावरचे ४४ दात्यांचे चेनव्हील शाबूत असून मागचे फ्रीव्हील १६ दात्यांचे आहे. मी ऑनलाइन तीन भागांचा, म्हणजे दोन भुजा व मधला एक्सल वेगळे असलेला, नवा क्रँक मागवला. त्याचा एक्सल १९ मिलिमीटरचा आहे आणि सोबत २५ दात्यांचे चेनव्हील व बेअरिंगे आली आहेत. ही बेअरिंगे फ्रेमच्या भोकातून सरळ आत पडतात. जुने चेनव्हील नव्या एक्सलवर लटलट हलते आणि जुने पायडलही नव्या क्रँकमध्ये आवळले जात नाहीत. एक मेकॅनिक म्हणतो, कडे (रिंग) तयार करून वेल्डिंग करू, तर दुसरा म्हणतो की नवीच सायकल घ्या. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : प्रथम वेल्डिंगचा विचार मनातून काढून टाकावा. बीबीची नळी, म्हणजे क्रँक ज्या आडव्या नळीतून जातो ती, तापली की गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होते, आणि एकदा गोलाई गेली की पुढे कोणतेही बेअरिंग तिच्यात नीट बसत नाही. शिवाय फ्रेमवर क्रोमचा मुलामा असेल, तर तो जळताना निघणारा धूर विषारी असतो. नवी सायकल घ्या म्हणणाऱ्याला मी चूक ठरवणार नाही. फक्त आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

आपल्याकडे जमलेले भाग निकृष्ट नाहीत, ते दोन निरनिराळ्या पद्धतींचे आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातली मुले मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची नक्कल करीत लहान चाकांच्या सायकली मातीत पळवू लागली, तेव्हा त्या सायकलींना जो अखंड सळईचा क्रँक होता तोच बीएमएक्सकडे आला. हा क्रँक दोन्हीकडे वाकलेला असतो आणि अख्खाच्या अख्खा नळीतून ओवून बसवावा लागतो, म्हणून नळीचे भोक मोठे ठेवणे भागच होते. हे भोक आतून ५१.३ मिलिमीटरचे असते, त्याला आटे नसतात आणि त्यात बेअरिंगचे कप दाबून बसवलेले असतात. सायकलींच्या धंद्यात या नळीला अमेरिकन म्हणतात. आपण मागवलेली बेअरिंगे बहुधा ज्या मापाला मिड म्हणतात त्या मापाची, म्हणजे ४१.२ मिलिमीटरच्या नळीसाठी केलेली आहेत. त्यामुळे दोहोंमध्ये चहूबाजूंनी सुमारे पाच मिलिमीटरची पोकळी राहते. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलींच्या नळीला तर आतून आटे असतात, म्हणून शेजारच्या दुकानातले कपही येथे चालत नाहीत.

पुढचे काही करण्यापूर्वी व्हर्नियरने नळीचा आतला व्यास, नळीची रुंदी, एक्सलचा व्यास आणि जुन्या चेनव्हीलचे मधले भोक मोजून कागदावर लिहून ठेवावे. नळीचा व्यास दोन दिशांनी मोजावा, म्हणजे ती गोल आहे की नाही तेही कळते. फूटपट्टीने घेतलेल्या मापावर वस्तू मागवू नयेत.

नातवाला कॉलनीत फेऱ्याच मारायच्या असतील, तर सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अखंड सळईचाच दुसरा क्रँक मिळवणे. मुलांच्या कित्येक सायकलींना तो आजही असतो आणि भंगारातल्या सायकलीचाही निघू शकतो. मात्र त्याचे कोन (बेअरिंगला टेकणारे शंकूसारखे आट्यांचे भाग), वॉशर व लॉकनट त्याच्याबरोबरच घ्यावेत, कारण अशा क्रँकवर कुठे इंचाला २४ आटे असतात तर कुठे २८, आणि एकाचा नट दुसऱ्यावर चढवला की दोन्ही बिघडतात. फार लहान सायकलीचा क्रँक आखूड असतो, हेही पाहून घ्यावे.

परंतु नवा क्रँक आलाच आहे, तर तो वापरण्याचा सरळ उपाय म्हणजे अमेरिकन नळीत १९ मिलिमीटरचा एक्सल बसवण्यासाठी मिळणारा तयार संच, किंवा अमेरिकन नळीचे माप मिडवर आणणारी कड्यांची जोडी. मकरपुरा जीआयडीसीमध्ये लेथवर अशी कडी कातून मिळतील, यात शंका नाही. ज्या शहरात १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले तेथे चांगल्या टर्नरची वाण पडू नये. तरीही या कड्यांसाठी तयार संचच घ्यावा, असे माझे मत आहे. नळीत कडे घट्ट बसणे हा मिलिमीटरच्या शतांशांचा मामला असतो, आणि त्यात बेअरिंगची बैठक दोन्ही बाजूंना एका रेषेत आली नाही, तर क्रँक फिरताना जड लागतो व बेअरिंगे लवकर जातात.

कडी किंवा कप हातोडीने ठोकून बसवू नयेत. एक लांब आट्यांची सळई नळीतून आरपार घालावी, दोन्ही टोकांना जाड रुंद वॉशर व नट लावावेत आणि थोडे थोडे आवळत जावे, म्हणजे कडे सरळ आत सरकते; ते तिरके जाऊ लागले तर लगेच काढून पुन्हा सुरुवात करावी. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक्सलवर येणारी लांब बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, विसरू नये. तिची लांबी कमी असेल, तर क्रँकचे बोल्ट आवळताच बेअरिंगे आतल्या बाजूला दाबली जातात. बाहेर उरलेली जागा वॉशरांनी भरावी.

आता चेनव्हील. येथे मात्र लेथवाल्याकडे अवश्य जावे. अखंड क्रँकच्या चेनव्हीलचे मधले भोक १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलिमीटर असते आणि आपला एक्सल १९ मिलिमीटरचा आहे, म्हणून ते लटलट हलते. बाहेरून २३.८ आणि आतून १९ मिलिमीटरची, चेनव्हीलच्या जाडीइतकी रुंद एक छोटी बुश कातून घ्यावी. ती हाताने दाबून बसली पाहिजे. सैल असेल तर चेनव्हील केंद्रातून सरकते आणि प्रत्येक फेऱ्यात चेन एकदा ताठ, एकदा ढिली होते. मात्र नव्या क्रँकबरोबर आलेल्या चेनव्हीलमध्ये अशी बुश आधीच बसवलेली आहे का, ते आधी पाहावे. असल्यास तीच काढून येथे वापरता येईल. बुश फक्त चेनव्हील मध्यावर ठेवते. पायाचा जोर चेनव्हीलपर्यंत पोचवण्याचे काम क्रँकच्या भुजेतला बोल्ट करतो, म्हणून केंद्रापासून त्या बोल्टचे अंतर आणि जुन्या चेनव्हीलवरच्या छिद्राचे अंतर जुळते का, हे चेनव्हील भुजेवर ठेवूनच तपासावे. किंचित फरक असेल तर छिद्र कानशीने लांबट न करता टर्नरकडून योग्य जागी नवे पाडून घ्यावे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे २५ दात्यांचे चेनव्हीलच का लावू नये, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर मागच्या फ्रीव्हीलमध्ये आहे. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, चाक २० इंचांचे धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.४ मीटर पुढे जाते. पुढे २५ दाते लावले की हेच अंतर सुमारे २.५ मीटरवर येते आणि नातवाचे पाय गरगर फिरतील, सायकल मात्र रेंगाळेल. २५ दात्यांचे चेनव्हील मागे ९ दाते असलेल्या सायकलींसाठी असते; तेथे गुणोत्तर २.७८, म्हणजे जवळपास जुन्याइतकेच पडते. पण ९ दात्यांसाठी मागचा हबच, म्हणजे चाकाचा मधला भागच, वेगळा लागतो. हबवर आट्यांनी चढणारे नेहमीचे फ्रीव्हील सहसा १६ दात्यांपेक्षा लहान येत नाही. म्हणून २५ दात्यांचे चेनव्हील सध्या बाजूला ठेवावे.

चेन नवी घ्यावी आणि ती १/२ × १/८ इंच मापाची असावी. गिअरच्या सायकलींची ३/३२ इंचाची चेन जुन्या जाड दात्यांवर बसणार नाही. चेन चढवण्यापूर्वी मागून पाहून पुढचे व मागचे दाते एका रेषेत आहेत याची खात्री करावी. फरक एक मिलिमीटरहून अधिक दिसला, तर चेनव्हीलच्या आतल्या बाजूचे वॉशर कमीजास्त करून तो काढावा.

पायडलांबाबत काही करण्यासारखे नाही. अखंड क्रँकचे पायडल १/२ इंचाचे असतात, तीन भागांच्या क्रँकचे ९/१६ इंचाचे. जुन्या आट्यांवर टेप किंवा पत्रा गुंडाळून ते बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. भर वेगात पायडल निखळले तर मूल तोंडावर पडते. ९/१६ इंचाची साधी जोडी घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडेही अखंड क्रँकची एक जुनी सायकल आहे. बेअरिंगला ग्रीस भरण्यासाठी डावीकडचा मोठा नट काढायचा आहे, पण पाना मारून तो सुटत नाही, उलट जास्तच घट्ट झाल्यासारखा वाटतो. छिन्नीने तोडावा काय?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : छिन्नी लावू नये. आपण तो खरोखरच आवळत आहात. डावीकडच्या लॉकनटला उलटे आटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. डाव्या पायडलाचेही तसेच आहे आणि आधी तेच काढावे लागेल, नाहीतर नट भुजेवरून बाहेर येणार नाही. गंज असेल तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि पाना नटाला पूर्ण बसणारा घ्यावा. नटामागचे खाच असलेले वॉशर सरळ ओढून काढावे, त्यामागचा कोन पुन्हा घड्याळाच्या दिशेनेच सोडवावा आणि मग चेन उतरवून क्रँक उजवीकडून बाहेर घ्यावा. बेअरिंगची जाळी कोणत्या तोंडाने बसली होती, याचा काढण्यापूर्वीच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ती उलटी बसली तर जाळीचा पत्रा घासू लागतो. पुन्हा जोडताना कोन इतपतच आवळावा की क्रँक हलका फिरेल पण आडवा हलणार नाही. लॉकनट घट्ट करताना कोनही थोडा सोबत फिरतो, तेव्हा नट आवळून झाल्यावर क्रँक पुन्हा हलवून पाहावा. जड वाटल्यास नट सोडून कोन अंशभर ढिला करावा.