तोंडातला न दुखणारा चट्टा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

तंबाखूविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. बीड, लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बऱ्याच पत्रांत एक वाक्य सारखे आढळले : ‘पण दुखत काही नाही.’ तपासणीच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि त्यापायी घरेच्या घरे कशी खचली हेही पाहिले आहे, की उत्तरे लिहिताना ते माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही.

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. वीस-पंचवीस वर्षांपासून ते तंबाखू-चुना खातात. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. चुन्याने पोळले असेल, दुखत नाही, तिखटही झोंबत नाही, असे ते म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले आहे. परंतु तुकड्याला हात लावला की रोग अंगभर पसरतो, असे भावकीतील सगळेच सांगतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, केज तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, तुकडा तपासून घ्यावा, आणि तो याच आठवड्यात घ्यावा. आता कारणे सांगतो, म्हणजे घरातल्यांना समजावताना तुम्हाला आधार होईल.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चुना तोंडातली नाजूक त्वचा खरोखरच भाजतो. शिवाय चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन रक्तात झपाट्याने शिरते. बार भरल्यावर दोन-चार मिनिटांत तरतरी वाटते ती त्यामुळेच. परंतु चट्टा केवळ चुन्याचा असेल, तर तंबाखू-चुना बंद केल्यावर काही आठवड्यांत ती जागा निवळते. सहा महिने टिकलेल्या आणि कापसाने पुसूनही न निघणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. असे बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. मात्र कोणता जाणार आणि कोणता नाही, हे नुसत्या डोळ्यांनी माझ्यासारख्या रोज तोंडे तपासणाऱ्यालाही ठामपणे सांगता येत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. चट्ट्यात लाल भाग असेल, तो खडबडीत लागत असेल किंवा मध्ये चीर पडली असेल, तर धोका अधिक समजावा.

आता न दुखण्याविषयी. तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि साठवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. बार रोज त्याच गालात, त्याच दाढेखाली ठेवला जातो, त्यामुळे ही द्रव्ये वर्षानुवर्षे त्याच पेशींत मुरतात आणि पेशींच्या गाभ्यातील जनुकांना इजा करतात. बिघडलेल्या पेशी सुरुवातीला वरच्या पातळ थरातच वाढत असतात. तेथे त्यांनी मज्जातंतूंना अजून गाठलेले नसते, म्हणून दुखत नाही. रोग खोल उतरला, जबड्याच्या हाडाला लागला किंवा जखमेत पू झाला, की मग कान ठणकतो, घास गिळवत नाही आणि माणूस दवाखान्याची वाट धरतो. म्हणजे ज्या काळात उपचार सोपा असतो, नेमक्या त्याच काळात रोग गप्प असतो.

तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. बधिरतेचे इंजेक्शन देऊन ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा घेतात, गरज पडल्यास एखादा टाका घालतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मग हा समज गावोगाव इतका पक्का कसा झाला? आपल्याकडे माणूस तुकड्याला तयार होतो तोच मुळात फार उशिरा. तोपर्यंत मानेत गाठी आलेल्या असतात. तुकडा काढला आणि तीन महिन्यांत माणूस गेला, एवढेच शेजाऱ्यांना दिसते. त्याआधीचे न दुखणारे वर्ष कोणालाच दिसलेले नसते. माझ्याकडे दिवाळीच्या सुमारास आलेल्या एका शेतकऱ्याच्या गालातला चट्टा नखाएवढा होता. तुकड्याचे नाव काढताच ते उठून गेले आणि अक्षय तृतीयेनंतर परत आले, तेव्हा गालाला बाहेरून छिद्र पडले होते आणि प्यायलेले पाणी तेथून गळत होते. सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने विचारले, ‘तेव्हाच हात लावला असता तर?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागले. तुमच्या घरात तो प्रश्न उभा राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ही तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारून होऊ शकेल. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. बार्शीचे कर्करोग रुग्णालयही तुमच्या भागाला जवळ पडते. ग्रामीण भागातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे देशातील पहिले काम १९८७ मध्ये तेथूनच सुरू झाले आणि त्यात आपल्या मराठवाड्यातील परंडा व भूम हे तालुकेही होते. पुढे उपचाराची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, ज्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात, यांचा समावेश आहे. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपासून पुडी खातो. तंबाखू फारशी खात नाही, बहुतेक वेळा नुसती सुपारीचीच पुडी असते. गेल्या वर्षापासून तोंड पूर्ण उघडत नाही, पाणीपुरी तोंडात जात नाही आणि वरण जरा तिखट असले तरी आग होते. हे कशामुळे?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बाळा, तुझ्या गालाच्या आतली लवचीक त्वचा आखडून दोरीसारखी ताठ होत चालली आहे, असे तुझ्या वर्णनावरून दिसते. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचे मुख्य कारण सुपारी आहे. ‘नुसती सुपारी’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यातून जायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तिच्यात तंबाखू मिसळलेली नसली तरीही, मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. तंबाखूही त्याच गटात आहे. हा विकार जडलेल्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो, आणि तोंडच उघडत नसल्यामुळे तो आत वाढत असताना दिसतही नाही.

आरशासमोर उभा राहून तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील, तर दंत महाविद्यालयात जाऊन तोंड किती उघडते याचे माप नोंदवून घे. गालात द्यायची इंजेक्शने, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. पण आखडलेली त्वचा पहिल्यासारखी मऊ होत नाही, आणि पुडी चालू असेल तर यांतला कोणताही उपचार टिकत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरीही पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या फोडून त्या हातावर एकत्र करून खाल्ल्या जातात. कायद्याने एक दार लावले आणि शेजारची खिडकी उघडी राहिली, याचे मला फार दुःख होते, कारण अलीकडे माझ्यासमोर बसणारे रुग्ण वयाने तुझ्याएवढेच असतात.

प्रश्न : माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. मी तीस वर्षे मिसरी लावते आणि आता तिलाही सवय लागली आहे. मिसरी म्हणजे काही तंबाखू खाणे नव्हे, दात घासणे आहे. तिने ती बंद करणे गरजेचे आहे का?
— एक आजी, सेलू, जि. परभणी

उत्तर : होय, आजी, आजपासून बंद करावी, आणि तुम्हीही तिच्यासोबत करावी. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच होय. भाजल्याने तिच्यातील निकोटीन नाहीसे होत नाही, उलट जळण्यातून नवी घातक द्रव्ये तिच्यात मिसळतात. दिवसातून चार-पाच वेळा बोटाने हिरड्यांना चोळून तशीच ठेवलेली मिसरी आणि दाढेखाली ठेवलेला बार यांत शरीराच्या दृष्टीने फरक नाही. मिसरीशिवाय दात घासल्यासारखे वाटत नाही, डोके धरते, हेच ती व्यसन असल्याचे लक्षण आहे.

मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मिसरी किंवा दुसऱ्या रूपात तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी वजनाची आढळली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही अधिक होते. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या लेकी-सुनांच्या बाळांना शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. सुनेला साधी दंतमंजन पूड आणि मऊ ब्रश आणून द्या, आणि घरातली मिसरीची डबी कोनाड्यातून काढून टाका. तुमच्या स्वतःच्या हिरड्या आणि ओठाची आतली बाजू मात्र एकदा डॉक्टरांना दाखवा. घरातल्या बायका स्वतःचे तोंड सर्वांत शेवटी दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमचे आजोबा ८८ वर्षे जगले आणि शेवटपर्यंत चंची त्यांच्या कमरेला होती. मग तंबाखूने कर्करोग होतोच, असे कसे म्हणता?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : ‘होतोच’ असे कोणी म्हणत नाही. शक्यता कित्येक पटींनी वाढते, असे म्हणतो. आजोबांच्या पिढीत चंची बाळगणारे जे लोक पन्नाशीत गेले, त्यांची उदाहरणे कोणी देत नाही, कारण त्यांना आठवणारे नातू झालेच नाहीत. तोंडाखेरीज अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचे कर्करोगही खाण्याच्या तंबाखूने होतात. बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुस, स्वरयंत्र, मूत्राशय आणि हृदयविकार यांची त्यात भर पडते.

प्रश्न : मी ऊसतोडीला जातो. पहाटे कोयता हातात घेण्याआधी बार भरला नाही तर हात चालत नाही, शौचाला होत नाही, आणि दुपारची भूकही बारावरच मारतो. दोनदा सोडली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली. माझ्यासारख्याने कशी सोडावी?
— एक वाचक, माजलगाव तालुका, जि. बीड

उत्तर : दादा, तुम्ही दोनदा सोडली होती, हे मी आधी लिहून ठेवतो, कारण सुटण्याआधी अनेकांचे तीन-चार प्रयत्न होतात. तिसरा दिवस तुमचा एकट्याचाच अवघड नव्हता. निकोटीन थांबल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो, मग उतरू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांश ओसरतो. म्हणजे तुम्ही घाट जवळजवळ चढून आल्यावर दोन्ही वेळा मागे फिरलात.

म्हणून ऐन तोडणीच्या हंगामात नव्हे, तर गावी असताना, पावसाळ्यात, तारीख ठरवा आणि ती घरच्यांना सांगा. निकोटीन आतड्यांना चाळवते, त्यामुळे ते थांबले की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि रात्री पाण्यासोबत इसबगोल यांनी तो सुटतो. भूक निकोटीनने दबते, भागत नाही. बार बंद झाल्यावर भूक खरी लागेल, तेव्हा फडात जाताना भाकरीच्या फडक्यात मूठभर शेंगदाणे आणि गूळ जास्तीचा बांधा. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा ओवा ठेवा, सुपारी ठेवू नका. आणि हाताचेही बघावे लागते. तळहातावर चिमूट घेणे, नखाने चुना लावणे, अंगठ्याने मळणे, थाप मारून धूळ उडवणे ही हालचाल तुमचे हात दिवसातून वीस वेळा करत आले आहेत, त्यामुळे मन सोडायला तयार झाले तरी हात खिसा चाचपतात. डबी आणि पुडी दोन्ही घराबाहेर गेल्याशिवाय हात ऐकत नाहीत. चहाच्या टपरीवर सोबती मळलेली तंबाखू पुढे करतील. पहिला महिनाभर तेथे उभे राहू नका.

निकोटीनची च्युइंगगमसारखी गोळी चावून तलफ कमी करता येते, पण ती चॉकलेटसारखी सलग चावायची नसते. चार-सहा वेळा चावून चुणचुण लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असे साधारण अर्धा तास करायचे आणि त्याआधी पाव तास चहा किंवा आंबट काही घ्यायचे नाही. हृदयविकार असेल किंवा तोंडात जखम असेल तर डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तो केंद्र शासनाचा मोफत मदत क्रमांक असून तेथील समुपदेशक तारीख ठरवण्यापासून पुढे पाठपुरावा करतात.

एखाद्या दिवशी बार भरला गेलाच, तर त्या दिवशीची उरलेली पुडी फेकून द्या आणि मोजणी तेथूनच पुढे चालू ठेवा. सुटल्यानंतरही दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्या. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी गावोगाव नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. त्या तपासणीला यंत्र लागले नव्हते, पुरेसा उजेड लागला होता. तुम्ही बार ज्या गालात ठेवत होता तो गाल, खालच्या ओठाची आतली बाजू आणि जिभेच्या दोन्ही कडा चूळ भरून बॅटरीच्या उजेडात घरीही बघता येतात. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात किंवा मानेतली गाठ दिसली, तर ती दुखण्याची वाट न पाहता दाखवायची आहे.