आजोबांची गाडी लगेच स्टार्ट करू नका
भाऊ, गाडी बारा वर्षं गोठ्यात उभी होती म्हणता, तर बॅटरी लावून सेल्फ मारायची घाई अजिबात करू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. चारही प्लग खोलून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी हँडल घालून इंजिन हातानेच हळू फिरवा. माझ्या वडिलांच्या पिकअपच्या पिस्टनच्या रिंगा अशाच घाईत तुटल्या. ती करकर अजून कानात आहे.

ब्रेकचे रबर सगळे नवेच. रेडिएटर आतून साफ करा, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गंज काढताना सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवू नका, आरटीओत तोच तपासतात. आणि दारावर आजोबांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं नाव खरवडू नका हो.