फुकटचं वायफाय, शेजाऱ्याचं वायफाय आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ टाकली की फुकटच्या वायफायबद्दल काही शंका असतील तर पाठवा, आणि पत्रांचा असा काही पाऊस पडला की विचारू नका. निम्म्या लोकांना एकच धास्ती, खातं साफ होईल का. उरलेल्यांचे प्रश्न शेजाऱ्यांवरून. सगळे घेता येणार नाहीत, थोडे घेते.

ताई, मी रोज बोरिवली ते चर्चगेट करतो. गाडी लेट असली की स्टेशनच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघतो. मुलगा म्हणतो, बाबा एक दिवस सगळं जाईल. खरं का हे?
— एक वाचक, बोरिवली

मुलगा अगदीच चुकीचं सांगत नाहीये, पण तो जुनी भीती सांगतोय. पासवर्ड नसलेल्या वायफायवर हवेतून जे काही जातं ते आसपासचा कुठलाही लॅपटॉप ऐकू शकतो. डब्यात कोणीतरी फोनवर मोठमोठ्याने बोलत असतं आणि विरार येईपर्यंत त्यांच्या सुनेचं सगळं आपल्याला पाठ होतं ना, तसंच. २०१० साली फायरशीप नावाचं एक छोटंसं ॲड-ऑन आलं होतं, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टाकायचं, कॅफेत बसायचं, आणि बाजूच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकमध्ये आपल्या स्क्रीनवर. पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. कारण तेव्हा बऱ्याच साइट्स लॉगिनचं पान तेवढं सुरक्षित ठेवायच्या आणि नंतरचं सगळं उघड्यावर. लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक कुकी देते, वॉटर पार्कमध्ये हातावर शिक्का मारतात ना तसा, आणि हा शिक्काच हवेतून उचलता यायचा.

त्यावरून बराच गाजावाजा झाला आणि हळूहळू सगळं जग एचटीटीपीएसवर गेलं. २०१८ च्या जुलैपासून तर क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर सरळ 'नॉट सिक्युअर' असं लिहायला लागला. एचटीटीपीएस म्हणजे काय, तर लहानपणी मोठ्यांसमोर आपण 'च'ची भाषा बोलायचो ती आठवा, फक्त इथे भाषेचा नियम दर वेळी नवा ठरतो आणि तो तुमचा फोन आणि बँक दोघांनाच माहीत असतो. बाजूला बसलेल्याला एवढंच कळतं की तुम्ही अमुक बँकेशी बोलताय, काय बोलताय ते नाही. त्यामुळे बॅलन्स बघितला म्हणून पैसे जाणार नाहीत. तरी पैसे पाठवायचे असतील तर मी स्वतः मोबाईल डेटा चालू करते, डेटा काही इतका महाग राहिलेला नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. वायफायचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं, त्यावर कुणाचा मालकी हक्क नसतो. आमच्या भाच्याने गच्चीवर मला दाखवलं. मी जिथे नेहमी बसते त्या कॅफेच्या वायफायला पासवर्ड नाही, याने स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला तेच नाव दिलं, स्पेलिंग जसंच्या तसं, सिक्युरिटी 'नन', म्हणजे पासवर्डच नाही, आणि फोन कठड्यावर ठेवून दिला. माझ्या हातात बटाटावडा. तो संपायच्या आधी माझा फोन आपला आपण त्याच्या हॉटस्पॉटला जाऊन चिकटलेला. मी बोटही लावलं नव्हतं. फोन नाव बघतो, कॅफे बघत नाही. म्हणून उघड्या नेटवर्कसाठी ऑटो-जॉइन बंद करा आणि काम झालं की 'फरगेट' दाबा. आणि त्या वायफायवर कधी 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं पान आलं तर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन पुढे घुसू नका, मागे या. कधी कधी ते पान फक्त वायफायचं लॉगिन राहिलंय म्हणूनही येतं, तर वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नावावर टॅप करा, लॉगिनचं पान तिथून उघडेल.

बाय द वे, स्टेशनवरच्या या रेलटेलच्या, म्हणजे रेल्वेच्याच टेलिकॉम कंपनीच्या, वायफायची सुरुवात आपल्याच मुंबई सेंट्रलवर झाली, जानेवारी २०१६ मध्ये, तेव्हा गुगल सोबत होतं, २०२० मध्ये गुगल बाजूला झालं आणि रेलटेलने पुढे चालू ठेवलं.

मी ६३ वर्षांची आहे. यजमानांना दाखवायला एका हॉस्पिटलात गेले होते. वेटिंगमध्ये फोनवर 'फ्री वायफाय' असं नाव दिसलं. दाबलं तर पान आलं की ओळख पटवण्यासाठी १ रुपया भरा. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि ४,९०० रुपये गेले. घरात अजून सांगितलेलं नाही. माझंच चुकलं ना?
— एक काकू, गिरगाव

काकू, आधी घरात सांगा. आजच. आणि हे पत्र छापून यायची वाट बघायला नको म्हणून तुम्हाला फोन करून हे सगळं आधीच सांगितलंय, पण बाकीच्यांसाठी लिहिते.

पहिलं काम बँकेला फोन, कार्ड ब्लॉक. लगेच दुसरं १९३० वर फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवायची शक्यता जास्त, कारण हे लोक पैसे एका खात्यात ठेवतच नाहीत, पळवत राहतात. तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा.

आता पैसे परत मिळतील का, तर खोटा धीर देत नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मधल्या कुणाची आहे, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही भार नाही. पण ओटीपी आपण स्वतः टाकला असेल तर बँक त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणते, आणि मग कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून तर म्हणते की लाजेपायी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

तुमच्या गोष्टीत वायफायने काही चोरलेलं नाही, पानाने मागितलं आणि आपण दिलं. एचटीटीपीएसचं कुलूप त्या पानावरही असू शकतं, कुलूप एवढंच सांगतं की मधल्या कुणाला ऐकू येत नाहीये, समोरचा चोर आहे की साव ते त्याला काय माहीत. फुकटच्या वायफायला मोबाईल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो, ते ठीक. त्यापलीकडे कार्ड, यूपीआय पिन, आधारचा फोटो, 'हे ॲप डाऊनलोड करा', यातलं काहीही मागितलं की वायफाय बंद करून उठायचं. आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा, आपण नुसते सहा आकडे बघतो. बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम लिहिलेली असते. तुम्ही फोनवर तो मेसेज मला वाचून दाखवलात तेव्हा त्यात ४,९०० असं स्पष्ट होतं, तुम्हालाच वाचताना धक्का बसला.

आणि चुकलं वगैरे म्हणाल तर, नवरा आत तपासायला गेलाय आणि बाहेर जीव टांगणीला लागलाय, अशाच माणसाला गाठतात हे लोक.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नवीन वायफाय बसवलंय. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतात पासवर्ड नको, सगळ्यांना त्रास, गणपतीत पाहुणे येतात. मी सेक्रेटरी, सही माझी आहे. काय करू?
— मुलुंड

सही तुमची आहे ना, मग पासवर्ड टाकाच. कमिटीला २००८ ची गोष्ट सांगा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनलांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, तिथे एक अमेरिकन माणूस राहायचा. त्याचा काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं एवढंच. पण दारात पोलीस त्याच्याच आले, कॉम्प्युटर त्याचेच गेले. त्याच वर्षी पुढे माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायवरूनही असेच ईमेल गेले. २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायबद्दल सूचना काढल्या, वापरणाऱ्याची ओळख ठेवा म्हणून. आज स्टेशनवर, एअरपोर्टवर ओटीपी मागतात त्याचं मूळ तिथे आहे, निव्वळ आपल्याला छळायला नाही.

कारण बाहेरच्या जगाला हॉलमधले पन्नास फोन पन्नास दिसत नाहीत, एकच कनेक्शन दिसतं, आणि ते सोसायटीच्या नावावर आहे.

राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, पाहुण्यांसाठी वेगळं, ते चालू करा, सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ निवडा किंवा असेल तर डब्ल्यूपीए३, ही वायफायच्या कुलुपांची नावं, पासवर्ड मराठीतला लांबलचक ठेवा, ज्येष्ठांच्या लक्षात राहील असा, आणि कागदावर छापून हॉलच्या आत लावा, गेटवरच्या नोटीस बोर्डावर नको. गणपती गेले की पासवर्ड बदला. सीसीटीव्ही त्याच नेटवर्कवर टाकू नका. आणि राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड, जो बऱ्याच ठिकाणी अजून 'ॲडमिन'च असतो, तो आज संध्याकाळीच बदला.

शेजारच्यांचं वायफाय ओपन आहे, मी फक्त लेक्चर्स बघतो, त्यांना कळत पण नाही. ही चोरी आहे का?
— टीवायचा विद्यार्थी, परळ

कळत नाही म्हणूनच विचारतोयस ना? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाला न विचारता त्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं बसतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेक्चर बघितलं म्हणून तुला कोणी आत टाकणार नाही, पण बेल वाजवून 'काका, तुमचं वायफाय उघडं आहे, पासवर्ड लावून देऊ का' असं विचार. नव्वद टक्के शक्यता की तेच म्हणतील, लाव, आणि तू पण वापर बाळा.

कॅफेत लॅपटॉप घेऊन किती वेळ बसलेलं चालतं?
— फ्रीलान्सर, माटुंगा

माटुंग्यात राहून हे विचारताय! उडप्याकडे फिल्टर कॉफी संपायच्या आत पुढचा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा असतो, तिथे तुमचा प्रश्नच मिटतो. बाकी कॅफेंत माझा हिशोब असा की दर दीड तासाला काहीतरी मागवायचं, जेवणाच्या वेळी टेबल सोडायचं, आणि चार जणांचं टेबल एकट्याने अडवायचं नाही. सिनेमे आणि विंडोजचे अपडेट घरी. एकाने मोठं डाऊनलोड लावलं की सगळ्या कॅफेचं नेट रांगतं, मग काउंटरवरच्या पोरावर सगळे ओरडतात. व्हिडिओ कॉल हेडफोन लावून, आणि हेडफोन लावला तरी तुमचा आवाज बाहेरच असतो हे लक्षात असू द्या. विंडोजने विचारलं तर 'पब्लिक नेटवर्क' निवडा, म्हणजे तुमचा लॅपटॉप इतरांना दिसत नाही. बाथरूमला जाताना लॅपटॉप 'जरा बघा हं' म्हणून अनोळखी माणसाला देता आणि वर हॅकरची भीती वाटते, हे मला कधी समजलेलं नाही.

फ्री व्हीपीएन टाकला की झालं ना?
— ठाण्याहून

व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं नेट आधी बंद पाकिटात घालून एका कंपनीकडे नेणारं आणि तिथून पुढे पाठवणारं ॲप. म्हणजे कॅफेवाल्यावरचा विश्वास उचलून त्या व्हीपीएनवाल्या कंपनीवर ठेवलात, एवढंच झालं. कॅफेवाला निदान समोर तरी दिसतो. ऑफिसने दिलेला असेल तर वापरा, फुकटचा नको.

घरच्या वायफायचं नाव काय ठेवावं?
— अंधेरी

फ्लॅट नंबर नको, आडनाव नको, राउटरचं मॉडेल तर नकोच. बाकी मजा करा. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते, बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा मोजायचं माप, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, वर प्रत्येक काना, मात्रा, उकार वेगळे तीन बाइट खातो, त्यामुळे जेमतेम दहा चिन्हं बसतात. मला 'येथे थुंकू नये' ठेवायचं होतं, बसलं नाही. मग 'हात लावू नये' ठेवलं, ते मधल्या दोन स्पेस धरून बरोबर ३२ मध्ये बसलं, मी खूश. त्याच संध्याकाळी समोरच्या मावशी वाटीत शिरा घेऊन आल्या, म्हणाल्या, ते हात लावू नये तुझंच ना गं? पासवर्ड सांग.