चाळीच्या मॅपमध्ये डिटेल भरायला सुरुवात कुठून करायची

तू गेमसाठी बनवलेला गिरगावच्या चाळीचा मॅप (खेळाडू फिरतो ती जागा) खेळायला छान आहे, म्हणजे अवघड काम झालंय. आता डिटेलची, म्हणजे पाइप, वायरी, ओल असल्या बारीकसारीक गोष्टी भरायची, धास्ती घेऊ नकोस. अख्खा मॅप एकदम सजवायला घेतला की हात गळतात, म्हणून आधी फक्त जिन्याखालचा कोपरा घे. तो पूर्ण झाल्यावरच पुढे सरक.

कुठलीही वस्तू ठेवताना 'ही इथे का?' हे विचार. पाइप मोरीतून निघतो आणि खाली गटारापर्यंत जातो, मधेच हवेत संपत नाही. ओल गळक्या सांध्याखाली धरते, शेवाळ ऊन न लागणाऱ्या भिंतीवर येतं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीच्या आसपास एक सकाळ फिर, राहणाऱ्यांना विचारून फोटो काढ. मीटरबॉक्स, वायरी, निळी ताडपत्री, गॅलरीचे लाकडी कठडे. असा फोटो समोर ठेवून काम केलं की अंदाजाने भरलेलं काही उरत नाही. माझ्या मते आत्मविश्वास यातूनच येतो.

नवीन माणसं हमखास करतात त्या चुका:
- सगळीकडे सारखंच सामान पसरणं. काही भिंती मोकळ्या सोड.
- पळायच्या वाटेत वस्तू ठेवणं. खेळाडू अडखळतो. डिटेल भिंतीलगत किंवा डोक्याच्या वर ठेव.
- प्रकाश शेवटी करणं. तो आधी, ढोबळ का होईना.

स्वतःची मॉडेल्स (वस्तूंचे 3D आकार) बनवणं आणि ऑप्टिमायझेशन (गेम अडखळू नये म्हणून मॅप हलका करणं) सध्या बाजूला ठेव. कोपरा झाला की खेळाडूच्या नजरेच्या उंचीवरून स्क्रीनशॉट काढून मला दाखव.