वापरलेला एप्सन आर-डी१ हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा विकत घेताना तो मूळ आर-डी१, आर-डी१एस की आर-डी१एक्स, हे कसं ओळखायचं?

आधी मागचा स्क्रीन बघा. आर-डी१ (२००४) आणि आर-डी१एस (२००६) यांचा २ इंची स्क्रीन उघडून फिरवता येतो, आत वळवून बंदही करता येतो. आर-डी१एक्स (२००९, फक्त जपानसाठी) याचा २.५ इंची आणि पक्का बसवलेला. खात्री हवी तर ८ जीबीचं एसडीएचसी कार्ड घाला: एक्स ते वाचतो, आधीचे दोन २ जीबीच्या साध्या एसडीपुढे जात नाहीत.

खरी गोची पहिल्या दोघांत आहे. सेन्सर तोच, ६.१ मेगापिक्सेलचा सीसीडी. शटर भरायचा लिव्हरही तिन्हींना आहे. रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग एकत्र साठवणं, अ‍ॅडोबी आरजीबी ही रंगव्यवस्था या ‘एस’च्या सोयी जुन्या बॉडीत फर्मवेअरने (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर अपडेट करून) येतात. त्यामुळे मेनू दाखवून कोणी ‘एस’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ऐकू नका, बॉडीवर छापलेलं मॉडेलचं नाव वाचा. तसंही अपडेट केलेला आर-डी१ कामाला ‘एस’इतकाच. किंमत ठरवताना मॉडेलपेक्षा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायची यंत्रणा) महत्त्वाचा: लेन्स अनंतावर ठेवून दूरच्या टॉवरकडे बघा. दोन प्रतिमा जुळल्या नाहीत, तर जुळवणीचा खर्च वजा करूनच बोला.