वाचकांचे प्रश्न : वहीच्या तीन ओळींतले आयुष्य

प्रश्न : दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे आरोग्य, कुटुंब आणि विषमता यांवर युरोपात बरेच संशोधन झाल्याचे वाचनात येते. सरदार-उमरावांची कागदपत्रे मागे उरतात हे समजण्यासारखे आहे; पण ज्यांना सही करता येत नव्हती, अशा मजुरांचे आयुष्य संशोधकांना कळते कसे? आणि गरीब माणूस पूर्वीपासूनच श्रीमंतापेक्षा लवकर मरत आला आहे, हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल; पण ते पटायचे तर आधी पहिल्याकडे वळावे लागते.

गरिबाने स्वतः काही लिहून ठेवले नसले, तरी त्याच्याविषयी चर्चमध्ये निदान बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन प्रसंगी कोणीतरी लिहीत होते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला, अशी वही ठेवण्याचा हुकूम होता. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरातल्या माणसांच्या धर्मज्ञानाची नियमित परीक्षा घेऊ लागले आणि त्यांच्या वह्यांत हळूहळू घरातील प्रत्येकाचे नाव, जन्म, त्याला वाचता येते की नाही, तो कुठून आला आणि कुठे गेला, हे सारे उतरू लागले. त्यात गडी आणि मोलकरीणही आली.

या सुट्या नोंदी जोडून कुटुंबे उभी करण्याची शिस्तशीर पद्धत फ्रान्समध्ये लुई आन्री यांनी १९५० च्या दशकात घालून दिली. एका जोडप्यासाठी एक कार्ड आणि त्यावर लग्न, प्रत्येक मुलाचा जन्म, प्रत्येकाचा मृत्यू, असे तिचे स्वरूप होते. अशा वहीत वारंवार दिसणारी गोष्ट अशी : एका मुलीचा बाप्तिस्मा, काही पानांनंतर तिचेच दफन, आणि पुढे त्याच आईबापांच्या दुसऱ्या मुलीला पुन्हा तेच नाव. ती तारीख वाचताना मन थबकते. पण त्या तीन ओळींतून बाळ किती महिने जगले आणि आईला पुन्हा दिवस किती काळाने गेले, हे कळते. बाळ अंगावर पीत असेतो पुढची गर्भधारणा सहसा लांबते. त्यामुळे शेकडो कुटुंबांतील जन्मांमधले अंतर मोजले, की त्या गावातील बायका मुलांना किती काळ पाजत होत्या, याचाही अंदाज बांधता येतो.

१९६४ मध्ये केंब्रिज येथे याच कामासाठी संशोधकांचा गट स्थापन झाला आणि त्याने ४०४ पॅरिशांच्या नोंदींवरून इंग्लंडच्या लोकसंख्येचा तीन शतकांचा इतिहास उभा केला. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात १९७३ पासून चर्चच्या वह्या संगणकावर उतरवल्या जात आहेत. यात एक मोठी खोट राहते, आणि ती मला नेहमी अस्वस्थ करते : जो गाव सोडून गेला तो गावच्या वहीतून नाहीसा होतो, आणि पोटासाठी गाव सोडावे लागते ते बहुधा गरिबालाच.

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडमधील उमराव घराण्यांचे सरासरी आयुर्मान साधारण १७५० पर्यंत सामान्य लोकांपेक्षा जास्त नव्हते. अन्न मुबलक होते, पण देवी किंवा प्लेग यांना पैशाने अडवता येत नव्हते. त्यानंतर मात्र अंतर वाढत गेले आणि १८५० च्या सुमारास ते जवळपास वीस वर्षांवर पोहोचले. याचे माझ्या मते सर्वांत पटणारे कारण असे, की जीव वाचवणारे ज्ञान तयार होऊ लागले आणि देवी टोचून घेण्यासारखे महागडे उपाय आधी पैसेवाल्यांच्या घरी गेले. दक्षिण स्वीडनच्या नोंदींत तर प्रौढांच्या मृत्यूंमधील वर्गभेद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ठळक होतो.

याचा अर्थ गरिबी निरुपद्रवी होती, असा मुळीच नाही. त्याच दक्षिण स्वीडनमध्ये धान्य महागले, की भूमिहीनांच्या घरी मृत्यू वाढत. तसेच लग्नाबाहेर जन्मलेली मुले कितीतरी ठिकाणी अधिक संख्येने दगावत. मात्र प्रत्येक बालमृत्यूचे खापर गरिबीवर फोडता येत नाही. स्वीडनच्या उत्तर टोकाला नेदेरतोर्नेओ पॅरिशमध्ये बाळांना अंगावर न पाजता शिंगातून गाईचे दूध देण्याची रीत होती आणि तिथे बालमृत्यूचे प्रमाण भयंकर होते. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर आणि सुईणींनी आयांना चिकाटीने समजावले, तेव्हा ते उतरू लागले.

प्रश्न : त्या काळी सरासरी आयुर्मान ३५ ते ४० वर्षे होते, म्हणजे चाळिशीत माणूस म्हातारा होऊन मरत असे का?

उत्तर : नाही. लहान मुलांचे मृत्यू ही सरासरी खाली ओढतात. बालपण निभावून गेलेला माणूस साठीपर्यंत पोहोचणे सर्रास घडे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मुलींची लग्ने सरासरी पंचविशीच्या आसपास होत आणि लग्नानंतर जोडपे सहसा वेगळे बिऱ्हाड करी. त्यामुळे घरात, नोकरचाकर धरूनही, सरासरी पावणेपाचच माणसे असत, हे केंब्रिजच्या गटातील पीटर लॅस्लेट यांनी जुन्या गणनांच्या याद्या मोजून दाखवले.