चार आठवड्यांच्या परदेशी पोस्टिंगने काय साधतं?

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात चार आठवडे परदेशी हॉस्पिटलात जायची संधी आहे, खर्च स्वतःचा. एवढ्यात सांस्कृतिक संवेदनशीलता येते का, असं तुम्ही विचारलंय.

नुसतं गेल्याने ती येत नाही. ‘तिकडचे लोक असेच असतात’ एवढंच पक्कं करून परतलेले विद्यार्थी मी बरेच पाहिलेत. ते न जाते तर बरं होतं.

जायच्या आधी दोन नावं वाचून ठेवा. अमेरिकेच्या नर्स मॅडलिन लायनिंजर यांनी १९६०च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांत राहून अभ्यास केला. ट्रान्सकल्चरल नर्सिंग, म्हणजे रुग्णाची संस्कृती समजून घेऊन सेवा देण्याचं शास्त्र, त्यांनीच उभं केलं. न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मात्र रोख नर्सकडेच वळवला: आधी स्वतःचे पूर्वग्रह तपासा, आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्णाला ठरवू द्या. १९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हे शिक्षणात सक्तीचं केलं. वेळ कमी असेल तर रॅम्सडेनच वाचा.

वॉर्डात याचा अर्थ काय? समजा, रमजान आहे आणि समोर इन्सुलिनवरचा मुस्लिम रुग्ण आहे. ‘मुस्लिम म्हणजे रोजा’ हे पाठांतर झालं. आजाऱ्याला धर्माने सूट आहे, तरी काहीजण रोजा धरतातच. म्हणून विचारायचं: रोजा धरणार आहात का? पहाटे काय खाता? मध्येच साखर उतरली तर सोडाल ना? उत्तरं डॉक्टरांपर्यंत पोचवायची, म्हणजे डोसची वेळ बदलता येते. दुभाषा असला तरी बोलताना नजर रुग्णाकडे ठेवा, आणि घरातल्या लहान मुलाला त्या कामाला जुंपू नका.

(थोडं विषयांतर: बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) पहिली लाली सावळ्या-काळ्या त्वचेवर सहसा दिसत नाही. हात लावून शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतंय का ते बघावं लागतं. ही संस्कृती नव्हे, पण कोणाचं शरीर ‘नॉर्मल’ धरून आपण शिकलो ते यातून कळतं.)

कॉलेजला दोन गोष्टी विचारा. तिथे देखरेख कोणाची? इथे जी प्रोसिजर एकट्याने करायची परवानगी नाही, ती तिथेही करायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि दर आठवड्याला बसून अनुभवांवर चर्चा करून घेणारं कोणी आहे का? नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. त्याऐवजी, जिथले बहुतेक रुग्ण तुमची भाषा बोलत नाहीत असा जवळचाच वॉर्ड मागून घ्या.